ग्रामीण टेक्सासमधलं एक वॉरंट: कसं सापडलं, कसं मिटलं

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को-प्लेनो भागात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून काउंटीचं (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) नाव आणि काही बारकावे गाळले आहेत, कायद्याचा भाग मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. मी वकील नाही. इथे बरीच वर्षं राहिलोय आणि फोन आला की उचलतो, एवढ्या भांडवलावर अशा भानगडी माझ्यापर्यंत पोचतात.

फोन आला तेव्हा त्या घरातला माझा मित्र डीपीएसच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या खात्याच्या, पार्किंगमध्ये उभा होता. "दादा, लायसन्स रिन्यू होत नाही म्हणतात. कुठल्यातरी कोर्टाचा होल्ड आहे माझ्या नावावर."

एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असलेल्या माणसाला टेक्सासमध्ये मुदतबंद लायसन्स मिळतं. देशात राहण्याची परवानगी जितकी, तितकीच लायसन्सची मुदत. ते ऑनलाइन रिन्यू होत नाही, दरवेळी कागद घेऊन जातीनं जावं लागतं. याची मुदतवाढ मंजूर होऊन आय-७९७, म्हणजे मंजुरीचा नवा कागद, आला, तोवर जुन्या लायसन्सची तारीख उलटून गेली होती. नागरिक असलेल्या माणसाला असा होल्ड कित्येक वर्षं कळत नाही. आपल्या लोकांना दर दोन-तीन वर्षांनी खिडकीवर उभं राहावं लागतं, म्हणून लवकर कळतं. त्रासदायक आहे, पण या प्रकरणात तीच गोष्ट पथ्यावर पडली.

मूळ शोधलं तर ते दीड वर्षापूर्वीच्या कोलोराडोच्या सहलीत निघालं. डॅलसहून कोलोराडोला गाडीनं जाणारा प्रत्येक जण यूएस २८७ ओळखतो. विचिटा फॉल्स मागे पडलं की दोन्ही बाजूंना कापूस, गुरं आणि आभाळ. वेगमर्यादा ताशी ७५ मैल. मग एखादं छोटं गाव येतं, पाटी ५५ची होते, पुढे आणखी खाली उतरते, आणि ७५च्या लयीत बसलेला पाय तेवढ्या झटपट उठत नाही. तो ५५च्या टप्प्यात ७१नं सापडला. राज्य पोलिसांच्या ट्रूपरनं सभ्यपणे तिकीट दिलं, सही घेतली, "सेफ ट्रिप" म्हणाला आणि गेला.

त्या सहीनं पुढचं सगळं घडवलं. सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, हे बहुतेकांना माहीत असतं. पण सही म्हणजे 'अमुक तारखेपर्यंत अमुक कोर्टात हजर होईन' असं लेखी वचन असतं, हे फार थोडे वाचतात. पुण्यात चौकात पावती फाडली, पैसे दिले, विषय संपला, ही आपली सवय. टेक्सासमध्ये स्पीडिंग हा सर्वात खालच्या वर्गातला, क्लास सी, पण फौजदारी गुन्हा आहे. शिक्षा फक्त दंडाची असली तरी तिकीट फाडलं की खटला उभा राहतो, आणि खटल्याला तारीख असते.

त्यानं पैसे भरायचा प्रयत्न केला होता, हे सांगायला हवं. घरी आल्या आल्या काउंटीच्या पेमेंट पानावर तिकिटाचा नंबर टाकला. 'रेकॉर्ड सापडलं नाही.' छोट्या काउंटीत ट्रूपरचं तिकीट कोर्टात पोचून कोणीतरी ते संगणकात चढवेपर्यंत दिवस जातात. पुन्हा बघू म्हणून ठेवलं आणि राहून गेलं. त्याच सुमारास अपार्टमेंट बदललं. इमिग्रेशन खात्याला नवा पत्ता १० दिवसांत कळवायचा असतो, तो एआर-११ फॉर्म यानं दुसऱ्याच दिवशी भरला, कारण व्हिसाची धास्ती. लायसन्सवरचा पत्ता ३० दिवसांत डीपीएसला कळवायचा असतो, तो राहिला. कोर्टाची पत्रं तिकिटावरच्या जुन्या पत्त्यावर गेली. पोस्टाचं फॉरवर्डिंगही त्यानं लावलं नव्हतं.

इकडे कोर्टाचं चक्र आपल्या गतीनं फिरत राहिलं. हजर न झाल्याबद्दल दुसरा गुन्हा लागला: हजेरीचं वचन मोडल्याचा. मग न्यायाधीशानं दोन्ही गुन्ह्यांत एकेक वॉरंट काढलं, ज्याला बहुतेक राज्यांत बेंच वॉरंट म्हणतात. शिवाय कोर्टानं त्याचं नाव 'ऑम्नीबेस' नावाच्या यंत्रणेत टाकलं. ज्या काउंट्यांनी राज्याशी तसा करार केलेला आहे, त्या कोर्टात गैरहजर राहणाऱ्यांची नावं तिथे कळवतात आणि डीपीएस लायसन्स रिन्यू करायला नकार देतं. प्रकरण आणखी थकलं असतं तर वसुली कंपनीकडे गेलं असतं. तिला देय रकमेवर ३० टक्के आकारायची कायद्यानंच मुभा आहे.

ऑम्नीबेसच्या साइटवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकल्यावर काउंटीचं नाव आणि दोन्ही गुन्हे दिसले. तेवढ्यावर त्याला वाटलं, कळलं सगळं. पण होल्ड आणि वॉरंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. होल्ड असून वॉरंट नसू शकतं, वॉरंट असून होल्ड नसू शकतो. होल्ड आहे की नाही हे राज्याच्या पातळीवर कळतं. वॉरंटची मात्र लोकांना बघता येईल अशी राज्यभराची एकच यादी टेक्सासमध्ये नाही. पोलिसांची यंत्रणा पोलिसांपुरती. 'पार्श्वभूमी तपासा' म्हणून पैसे उकळणाऱ्या खासगी साइट्सवर ग्रामीण काउंटीची ताजी माहिती मिळेल अशी आशा धरू नये. आणि थेट शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलिसप्रमुखाच्या, ऑफिसात जाऊन "माझ्या नावावर वॉरंट आहे का?" असं विचारणं हा शोध नव्हे. असेल तर ते बजावणं हेच त्यांचं काम आहे.

म्हणून फोन कोर्टाला करायचा. पण कुठल्या कोर्टाला? टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत, आणि लहान काउंटीच्या इमारतीतही तीन वेगवेगळ्या खिडक्या असू शकतात. डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे मोठे गुन्हे, काउंटी क्लार्ककडे क्लास ए आणि बी हे मधले, आणि क्लास सी जस्टिस ऑफ द पीसकडे, म्हणजे सगळे ज्याला जेपी कोर्ट म्हणतात तिथे. गावाचं म्युनिसिपल कोर्ट असेल तर ते याहून वेगळं. त्याच्या बायकोनं गूगलवर पहिला दिसला तो नंबर लावला. तो काउंटी क्लार्कचा होता. "नथिंग अंडर दॅट नेम," असं ऐकून दोघांनी सुस्कारा सोडला. त्या बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या रजिस्टरमध्ये खरंच काही नव्हतं.

तिकिटाचा फोटो सुदैवानं गूगल फोटोजमध्ये सापडला. त्यावर 'जस्टिस ऑफ द पीस, प्रीसिंक्ट' आणि आकडा होता. तो नंबर लावला, तिथेही पहिल्यांदा नाव सापडेना. हा खास आपला घोळ. मराठी माणसाच्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. लायसन्सवर ते तसंच उतरतं, आणि तिकीट टाइप करणारा कोणी पहिलं नाव उडवतो, कोणी वडिलांचं नाव आडनावाच्या जागी टाकतो. त्यात 'कर'नं संपणारं लांब आडनाव असलं की एखादं अक्षर गळतंच. मी त्याला म्हटलं, नाव सोड, लायसन्स नंबर आणि जन्मतारीख सांग. लगेच सापडलं. वडिलांचं नाव आडनाव झालं होतं.

त्या फोनवर काय विचारायचं ते आम्ही आधीच लिहून काढलं होतं. केस नंबर किती आणि किती? वॉरंट सुरू आहे का? असेल तर ते शिक्षेआधीचं आहे की शिक्षेनंतर दंड न भरल्याबद्दलचं? हा प्रश्न फार महत्त्वाचा. पहिल्या प्रकारात, ज्याला टेक्सासमध्ये एलियस वॉरंट म्हणतात, तुमचा खटला अजून शाबूत असतो आणि तुम्ही 'गुन्हा मान्य नाही' म्हणू शकता. दुसऱ्यात, म्हणजे कॅपियस प्रो फाइनमध्ये, निकाल लागून गेलेला असतो आणि बोलणं फक्त दंड कसा फेडायचा यावर उरतं. याचं पहिलं होतं. न्यायाधीश कुठल्या दिवशी बसतात, बाँड (जामिनाची रक्कम) भरावा लागेल का, पैसे कुठल्या स्वरूपात चालतात, हेही विचारून घेतलं. क्लार्कबाई घाईत नव्हत्या. शहरातल्या कोर्टात रेकॉर्ड केलेला आवाज ऐकत बसावं लागतं, इथे बाई स्वतः फाइल उघडून वाचून दाखवत होत्या. ग्रामीण कोर्टाची गैरसोय खूप असते, पण हा एक फायदा मोठा असतो.

क्लार्कबाईंनी दोन्ही केसेसची मिळून एक रक्कम सांगितली आणि म्हणाल्या, भरलीत तर आजच सगळं बंद होईल.

तो लगेच कार्ड काढायला निघाला. चार-पाचशे डॉलर गेले तरी चालतील, डिसेंबरात भारतात जायचंय, डोक्यावरचं ओझं उतरू दे. मला हे पटलं नाही, आणि या प्रकरणात माझं मत असं काही असेल तर ते इथेच आहे. टेक्सासच्या कायद्यात अशा केसचा दंड भरणं म्हणजेच 'नोलो कंटेंडरे' मानलं जातं: मी भांडत नाही, दोषी ठरवा. त्यानं वॉरंट जातं, होल्ड जातो आणि दोन शिक्षा नावावर बसतात. त्यातली दुसरी, वचन मोडल्याची, स्पीडिंगपेक्षा वाईट दिसते. स्पीडिंगची शिक्षा विमा कंपनीला दिसते. आणि पुढे ग्रीन कार्डच्या आय-४८५ अर्जात फक्त अटकेबद्दल विचारत नाहीत, पोलिसांनी तिकीट दिलं होतं का हेही विचारतात. तिथे 'खटला काढून टाकला' असा कागद जोडणं आणि 'दोन गुन्ह्यांत दोषी' असा कागद जोडणं, यात फरक आहे. स्पीडिंगमुळे ग्रीन कार्ड अडतं असं नाही. पण जे विनाकारण नावावर घ्यायची गरज नाही ते का घ्यायचं?

त्याची खरी भीती वेगळी होती. कोर्टात गेलो आणि तिथेच बेड्या घातल्या तर? ही भीती कुणालाही वाटेल, आणि टेक्सासमध्ये तिचं उत्तर कायद्यात लिहिलेलं आहे. २०१७ साली विधिमंडळानं दंडाच्या खटल्यांचे नियम बदलले. हजर न राहिल्याबद्दल वॉरंट काढण्याआधी कोर्टानं फोनवर किंवा टपालानं नोटीस देऊन ३० दिवसांच्या आतली एक तारीख द्यायला हवी. आणि वॉरंट बजावलं जाण्याआधी माणूस आपणहून हजर झाला, प्रकरण मिटवायचा प्रामाणिक प्रयत्न केला, तर न्यायाधीशानं वॉरंट मागे घेतलंच पाहिजे. 'घेऊ शकतो' नव्हे.

हे बदल आकाशातून पडले नाहीत. २०१५च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याचा मिसूरीतल्या फर्ग्युसन गावाबद्दलचा अहवाल आला. सुमारे २१,००० वस्तीच्या त्या गावाच्या कोर्टानं १६,००० हून अधिक माणसांवर वॉरंटं काढून ठेवली होती, बरीचशी वाहतूक आणि किरकोळ दंडांपायी. गावाचं उत्पन्न वाढवायला कोर्ट वापरलं जात होतं. त्यानंतर अनेक राज्यांनी आपापली कोर्टं तपासायला घेतली.

आपणहून जाणं आणि पकडून नेलं जाणं, यातलं अंतर फार मोठं आहे. जेपीचं वॉरंट राज्यभर चालतं. डॅलसचा पोलिस एका क्लास सी वॉरंटसाठी दार ठोठावायला बहुधा येणार नाही, पण मागचा दिवा बंद आहे म्हणून थांबवलं आणि नाव तपासलं तर नेऊ शकतो. शुक्रवारी रात्री नेलं तर शनिवार-रविवार आत जाऊ शकतो. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास टेक्सासमधली अनेक कोर्टं आणि पोलिस मिळून 'वॉरंट राउंडअप' मोहीम काढतात, तेव्हा धोका वाढतो. आणि एकदा अटक झाली, बोटांचे ठसे घेतले, की व्हिसाच्या डीएस-१६० अर्जातल्या 'कधी अटक झाली आहे का' या प्रश्नाचं उत्तर कायमचं बदलतं. न बजावलेलं वॉरंट म्हणजे अटक नव्हे. तोवरच हालचाल करायची असते.

मधल्या काळात त्याला एक फोनही आला. शेरीफच्या ऑफिसातून बोलतोय, वॉरंट आहे, गिफ्ट कार्डं घेऊन नंबर वाचून दाखवा. योगायोगच, असे फोन सगळ्यांनाच येतात. पण ज्याच्यावर खरंच वॉरंट आहे तो माणूस अशा फोनला जास्त बळी पडतो. त्यानं आधी मला विचारलं, हे बरं झालं. गिफ्ट कार्डावर वॉरंट मिटवणारं कोर्ट कुठेच नसतं.

शेजारच्या काउंटीतल्या एका वकिलाशी फोनवर बोलणं झालं. त्यांनी सांगितलं की राज्यातच राहत असाल तर स्वतः जा, माझी फी वाचवा. दुसऱ्या राज्यात राहणारा असता, किंवा गुन्हा क्लास बीचा असता, तर वकील हवाच. (दुसऱ्या राज्यातलं तिकीट असेल तर ते तिथेच राहील असंही समजू नये. बहुतेक राज्यांत तसा करार आहे की न मिटवलेल्या तिकिटापायी तुमच्या राज्यातलं लायसन्स निलंबित होऊ शकतं. कॅलिफोर्निया, मिशिगन, विस्कॉन्सिन, ओरेगन, मोंटाना आणि अलास्का तेवढी या करारात नाहीत.) आम्ही आधी ईमेलनं अर्ज पाठवला: मी अमुक दिवशी आपणहून हजर होतोय, दोन्ही गुन्हे अमान्य, वॉरंट मागे घ्यावं. क्लार्कबाईंनी पोच दिली.

गाडी मी चालवली. त्याचं लायसन्स संपलेलं होतं. वॉरंट मिटवायला जाताना संपलेल्या लायसन्सवर पकडला जाणं, हा मूर्खपणा आम्हाला परवडणारा नव्हता.

कोर्ट म्हणजे मुख्य इमारतीमागची एक बसकी पत्र्याची जोडइमारत. आत काचेची खिडकी, काचेवर हातानं लिहिलेला कागद: वैयक्तिक चेक घेतले जाणार नाहीत, जेवणाची सुट्टी १२ ते १. न्यायाधीशबाई जागेवर नव्हत्या. रात्री हायवेवर अपघात झाला होता, त्याच्या पंचनाम्याला गेल्या होत्या. ज्या काउंट्यांत मेडिकल एक्झामिनर नाही तिथे मृत्यूची चौकशी जेपीच करतो. शिवाय लहान दिवाणी दावे, घर खाली करण्याचे खटले, लग्नं लावणं. जेपी निवडून येतो, वकील असायची अट नाही. हे ऐकून मित्राचा चेहरा आणखी उतरला.

आमच्या पुढे जिनिंग मिलची टोपी घातलेला एक वयस्क माणूस होता. त्याचं शिक्षेनंतरचं वॉरंट, जुन्या दोन दंडांचं. न्यायाधीशबाई आल्यावर त्यांनी त्याला आधी घेतलं. महिन्याला किती कमावता, घरात खाणारी तोंडं किती, भाडं किती, एकेक विचारून लिहून घेतलं. एक दंड मासिक हप्त्यांत बसवला, दुसऱ्याच्या बदल्यात गावच्या अन्नपेढीत काम करायचे तास दिले, आणि वॉरंट मागे घेतलं. पैसे भरायची ऐपत विचारणं हेसुद्धा आता कायद्यानं बंधनकारक आहे. होल्ड लागला की लायसन्स नाही, लायसन्स नाही म्हणून कामावर जाता येत नाही, काम नाही म्हणून दंड भरता येत नाही. ऑम्नीबेसवर होणारी टीका हीच आहे, आणि मला ती रास्त वाटते. आमच्यासाठी ही कटकट होती, त्या माणसासाठी पोटाचा प्रश्न होता.

आमचं काम त्यामानानं झटपट झालं. बाईंनी दोन्ही वॉरंटं मागे घेतल्याच्या आदेशावर सही केली आणि काउंटी ॲटर्नीशी बोलायला सांगितलं. जेपी कोर्टात सरकारी बाजू तेच मांडतात. त्यांनी जुना पत्ता, नवा भाडेकरार, एआर-११ची पोच, सगळं बघितलं. वचन मोडल्याची केस काढून टाकायला ते तयार झाले. स्पीडिंगवर 'डिफर्ड डिस्पोझिशन' मिळालं: कोर्टाचा खर्च आणि ठरलेली फी भरायची, ९० दिवस दुसरं तिकीट घ्यायचं नाही, मग केस रद्द. ड्रायव्हिंगचा कोर्स करून केस रद्द करून घ्यायचा हक्क तारीख चुकल्यामुळे गेला होता. वेळेत हजर झाला असता तर तो मागितल्यावर मिळाला असता, कारण वेग मर्यादेपेक्षा २५ मैलांनी जास्त नव्हता.

निघण्याआधी मी क्लार्कबाईंना एक विनंती केली: शेरीफच्या डिस्पॅचला, म्हणजे पोलिसांच्या संपर्क कक्षाला, आत्ताच कळवाल का? न्यायाधीशानं वॉरंट मागे घेतलं तरी पोलिसांच्या यादीतून ते कोणीतरी काढावं लागतं. छोट्या काउंटीत ती यादी बदलणं एका माणसावर, कधी एका फॅक्सवर अवलंबून असतं. त्यांनी आमच्यासमोर फोन केला, पलीकडून "क्लिअर्ड" आलं. तरी शिक्का मारलेल्या आदेशाची प्रत त्याच्या पाकिटात आणि दुसरी गाडीच्या कप्प्यात गेली. ऑम्नीबेसचं १० डॉलरचं शुल्क तिथेच भरलं, त्याची वेगळी पावती घेतली.

डीपीएसला होल्ड उठल्याचं पुढच्या आठवड्यात दिसलं, आणि तोवर त्याची बायको त्याला ऑफिसला सोडत होती. कागदी तात्पुरतं लायसन्स खिडकीवर मिळालं, पक्कं कार्ड टपालानं आलं. ९० दिवस संपल्यावर केस रद्द झाल्याचा आदेश आपोआप येईल म्हणून तो वाट बघत बसला नाही. क्लार्कला ईमेल करून दोन्ही केसेसच्या निकालाच्या प्रमाणित प्रती मागवल्या. त्या कोर्टाचं रेकॉर्ड ऑनलाइन दिसत नाही, आणि ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांना किती वर्षं थांबावं लागतं ते आपल्याला माहीत आहे. त्या प्रती आता पासपोर्ट आणि आय-७९७च्या फाइलमध्ये लावलेल्या आहेत.